पाणकोंबडीला कुणी कळवलंच नाही

आमच्या धरणात एक मासा होता. तो माझ्या गळाला लागला तेव्हा मी होडीत उभा होतो, आणि त्याने होडीसकट मला ओढत तीन गावं मागे नेलं. तिसऱ्या गावात माझी मावसबहीण राहते. ती धक्क्यावर भांडी घासत होती. तिने मला चालत्या होडीत चहाचा कप दिला. तो कप परत करायला मी अजून गेलेलो नाही.

ही हकिगत मी खोऱ्यात इतक्यांदा सांगितली आहे की आता पोरंसोरं ती माझ्या तोंडातून काढून घेतात आणि पुढची आपणच सांगतात. दिगंबर धनावडे मात्र कधी मध्ये तोडायचा नाही. लाँचचं सुकाणू गुडघ्याने धरून तो शेवटपर्यंत ऐकायचा आणि मग अगदी गंभीरपणे म्हणायचा, "आण्णा, तीन न्हवं. चार गावं." एवढं बोलून पाण्याकडे बघत राहायचा. थाप मारणारे पुष्कळ असतात हो. दुसऱ्याच्या थापेला टेकू देणारा हजारात एखादाच.

आज सांगतोय त्यात मासा नाही. एक झाड आहे, एक लाँच आहे, आणि दिगंबरची बायको सारिका आहे. पटलं नाही तर सोडून द्या. मासा तरी कुठे पटला होता?

झाड म्हणजे सरकारी झाड. कागदावर त्याचं नाव लांबलचक होतं, पण सगळे झाडच म्हणायचे. राज्याच्या खोडाला जिल्ह्यांच्या फांद्या, जिल्ह्याला तालुके, तालुक्याला गावं, गावाला घरं आणि घराला माणसं. प्रत्येक माणसाची एक नोंद: नाव, चेहरा, आवाज, रक्तगट, कुठलं दार त्याला उघडावं, कुठलं इंजिन त्याच्या हाताने सुरू व्हावं. दवाखान्याचं दार, रेशनचं यंत्र, लाँचचं इंजिन, सगळी आधी झाडाला विचारायची, हा कोण? झाडाने सांगितलं तर तुम्ही कोणीतरी. नाहीतर तुम्ही वारा.

आता एवढं झाड एका यंत्रात मावत नाही. आणि मावलं तरी, आमच्या खोऱ्यातल्या माणसाचं दार उघडायला दर वेळी मुंबईला विचारायचं म्हटलं तर माणूस दारातच म्हातारा व्हायचा. म्हणून झाड तोडून वाटलेलं होतं. ज्या यंत्राला जी फांदी जवळ, ती त्याने सांभाळायची. जिथे फांदी तोडली तिथे एक पाटी: ‘इथून पुढचं मला ठाऊक नाही, अमक्या यंत्राला विचारा.’ आमच्या जुन्या तलाठ्यासारखंच. फरक एवढाच की यंत्राने सांगितलेल्या जागी खरंच कुणीतरी बसलेलं असतं.

शिवाय एकच यंत्र बिघडलं तर अख्खं गाव वारा होईल, म्हणून प्रत्येक फांदीच्या बऱ्याच प्रती. त्या प्रती आपसात बोलत असायच्या, पाणवठ्यावर बाया बोलतात तशा. तुझ्याकडे काय नवीन? माझ्याकडे शेलारांच्या घरी मुलगी झाली. बरं, मी पण लिहून घेते.

आमच्याकडे घोटाळा असा की धरणाच्या फुगवट्यावर सात वाड्या, प्रत्येकीच्या धक्क्यावर एकेक पेटी, आणि डोंगर इतके अंगाला अंग लावून उभे की एका पेटीचं बोलणं दुसरीला ऐकू जायचं नाही. तेव्हा सरकारने एक प्रत दिगंबरच्या लाँचमध्ये बसवली. लाँचचं नाव पाणकोंबडी. पाणकोंबडी धक्क्याला लागली की तिथल्या पेटीशी तिची कुजबुज व्हायची, मग पुढच्या धक्क्याला ती कुजबुज पोचायची. उंबरघोळ वाडीत सकाळी मूल जन्मलं की दुपारपर्यंत ते सातही वाड्यांत जन्मलेलं असायचं. दिगंबर म्हणायचा, "मी मानसं नेतो, आनि ही मानसांची नावं."

आमची नावं झाडावर टांगायच्या दिवसाची गंमत सांगायला हवी, कारण पुढचं सगळं त्यातूनच झालं.

शाळेच्या ओसरीवर टेबल मांडून एक कारकून बसला होता. शहरात म्हणे सगळ्यांची नावं घराच्या खाली एका ओळीत टांगली होती, शेजारीशेजारी, वाळत घातलेल्या कपड्यांसारखी. आमच्याकडे कारकुनाने पहिल्याच बाईला विचारलं, "कुणाच्या खाली लावू?" ती पहिली बाई सारिका. ती म्हणाली, "ह्यांच्या."

"ह्यांच्या म्हणजे? नाव सांगा."

आमच्याकडे बाई नवऱ्याचं नाव घेत नाही. लग्नात उखाण्यात एकदा घेतलं ते घेतलं. मागून दिगंबर हसत पुढे आला. "दिगंबर सखाराम धनावडे. लिवा. आनि तिला खाली कशाला, शेजारी टांगा की."

कारकुनाला जेवणाची घाई होती. "खालीच बरं पडतं," तो म्हणाला. मागच्या रांगेतल्या बायांनी ते ऐकलं आणि प्रत्येकीने तेच सांगितलं, ह्यांच्या खाली. अख्ख्या खोऱ्यात बाया अशा पुरुषांच्या खाली टांगल्या गेल्या. कुणी सक्ती केली नव्हती. कुणी विचारलंही नव्हतं.

खाली टांगलेल्याचं दार उघडायला वरच्याची संमती लागायची. दिगंबरचा फोन दोनचार दिवस वाजला. मग त्याने धक्क्यावरच्या पेटीसमोर उभं राहून मोठ्याने सांगून टाकलं, "हिचं काहीबी असलं तरी व्हय. मला इचारत बसू नका." पेटीने लिहून घेतलं. विषय संपला.

त्यानंतर काही वर्षांनी दिगंबरला कावीळ झाली. दिवस श्रावणाचे, फुगवट्यावर वारा सुटलेला, म्हणून त्याला जीपने घाटातून साताऱ्याला नेला. जायच्या आधी त्याने स्वतःच्या हाताने पाणकोंबडी बांधली, ताडपत्री ओढली आणि तिच्या टपावर थाप मारून म्हणाला, "आलोच."

तो साताऱ्यालाच गेला. विधी तिकडेच उरकले.

मेलेल्या माणसाची नोंद झाडावरून काढायची कशी, यात एक शहाणपण आहे. नुसती पुसली तर काय होतं? शेजारची प्रत म्हणते, अगं तुझ्याकडे हा राहिलाय वाटतं, घे. आणि परत देते. म्हणून पुसायचं नाही. नोंदीच्या जागी एक खूण ठेवायची: ‘इथे हा होता, आता नाही.’ आमच्याकडे दहाव्यापर्यंत जीवखडा ठेवतात, तसा हा झाडातला जीवखडा. सगळ्या प्रतींनी तो वाचायचा, आपापल्याकडे तसाच ठेवायचा, आणि ठरलेली मुदत झाली की विसर्जन. दगड आयुष्यभर कोण सांभाळणार?

आणखी एक नियम. गळतं ते पानच. खाली कुणी टांगलेलं असेल तर ती फांदी तोडता येत नाही, आधी खालच्याला हलवावं लागतं. आणि गळालेल्या पानाचं जे काही असेल ते, ज्या फांदीला ते लटकलं होतं, तिच्याकडे जातं.

सारिकाला मूलबाळ नव्हतं. ग्रामसेवकाने विचारलं विलासला. विलास म्हणजे दिगंबरचा धाकटा भाऊ. वाशीच्या बाजारात पोती वाहून पाठ गेल्यावर गावी परतलेला. विलास म्हणाला, "माझ्या खाली घ्या, अजून कुठं जाणार?" घर विलासच्या नावे झालं, लाँच घराकडे म्हणजे विलासकडे आली, आणि सारिका दिराच्या खाली. तिला कुणी काही विचारलं नाही, आणि तिनेही विचारलं नाही की का विचारलं नाही.

विलास वाईट माणूस नव्हे. पण त्याने काही पेटीसमोर उभं राहून ‘कायम होय’ म्हटलं नव्हतं. वहिनीच्या बाबतीत असं म्हणणं त्याला बरं दिसेना. मग सारिका दवाखान्याच्या दारात उभी राहिली की त्याचा फोन वाजायचा, भाकरीच्या हाताने तो होय दाबायचा. तो झोपला असला तर ती उभी राहायची. ऊन असलं तर उन्हात.

फार वेळ मांडी घालून बसलं की पाय बधिर होतो बघा. चिमटा काढला तर दुसऱ्याच्या पायाला काढल्यासारखा वाटतो. सारिका अख्खीच्या अख्खी तशी झाली होती. रडली नाही. कामं सगळी करायची. बोललं की "बरं" म्हणायची. मी मुद्दाम तिच्या ओसरीवर जाऊन मासा सांगितला, मावसबहिणीसकट, कपासकट. तिने तांदूळ निवडता निवडता ऐकला आणि म्हणाली, "हं."

थापाड्याला शिवी चालते. हं चालत नाही.

मधल्या काळात डोंगरावर मनोरा उभा राहिला. सातही पेट्या मनोऱ्यातून एकमेकींशी बोलायला लागल्या. पाणकोंबडीची गरज संपली. ताडपत्रीखाली तिची बॅटरी तर दिगंबर साताऱ्याला असतानाच उतरत उतरत गेली होती आणि ती झोपली होती. जीवखडा सगळ्यांनी वाचला, मुदतीने विसर्जन झाला. एकीने तो वाचलाच नव्हता, हे कुणाच्या लक्षात आलं नाही. विश्वासातल्या प्रतींच्या यादीतून पाणकोंबडीचं नाव काढायचं राहून गेलं होतं.

मग पलीकडच्या तीरावरच्या रिसॉर्टवाल्याला पाण्यावर हॉटेल काढायची हौस आली. त्याने विलासला गाठलं. विलासला पाण्याची एवढी भीती की आंघोळीची बादलीसुद्धा तो अर्धीच भरतो. तो म्हणाला, "न्या बाबा." सौद्याच्या सकाळी ताडपत्री काढली, बॅटरी चार्ज केली, आणि पाणकोंबडी जागी झाली.

मनोऱ्याने तिला रीतीप्रमाणे विचारलं असेल, तुझ्याकडे काय नवीन?

तिने सांगितलं असेल, नवीन काही नाही. पण माझ्याकडे दिगंबर आहे. तुमच्याकडे कसा नाही?

उलट सांगायला जीवखडा कुठे होता? यंत्रांना वाटलं, आपलंच काहीतरी लिहायचं राहिलं. त्यांनी दिगंबर लिहून घेतला. त्याच्या खाली सारिकासुद्धा, जशी लाँचला आठवत होती तशी.

मी धक्क्यावर होतो. रिसॉर्टवाल्याने खरेदीसाठी फोन पुढे धरला, आणि फोन म्हणाला, "मालक हयात आहेत. त्यांची संमती घ्या."

"मीच मालक हाय," विलास म्हणाला.

तेवढ्यात टपावरच्या कर्ण्यातून खणखणीत आवाज आला, "बोला! पाणकोंबडी! किती मानसं?"

दिगंबरचा आवाज. धंद्यासाठी त्याने तो झाडाला शिकवून ठेवला होता. कुणी लाँचजवळ आलं की त्याच्या नोंदीने त्याच्या आवाजात बोलायचं, म्हणजे त्याला जेवता जेवता उठावं लागत नसे. विलास मागे सरकला आणि घोट्याभर पाण्यात बसला. घोट्याभर पाण्यात बुडताना मी पाहिलेला हा एकच माणूस.

सारिका धुण्याची पाटी घेऊन खाली येत होती. तिने तो आवाज ऐकला. पाटी पडली नाही. तिने ती नीट खाली ठेवली, पदर खोचला आणि विचारलं, "बॅटरी चार्ज केली का?"

पुढचे दोनतीन दिवस गावाला दुसरा विषय नव्हता. दिगंबरच्या नावाने ग्रामसभेचं बोलावणं आलं. रेशनच्या यंत्राने त्याचे तांदूळ काढून ठेवले. आणि सारिका रक्तदाबाच्या गोळ्या आणायला गेली तर ती दारापाशी पोचायच्या आत दार उघडलं. "वरच्यांची संमती आहे," दार म्हणालं. दुसऱ्या दिवशी तेच दार बंद, विलासचा फोन वाजतोय. तिसऱ्या दिवशी परत आपोआप उघडं. एक बाई, झाडात दोन जागी. दाराला ज्या दिवशी जी सापडेल ती.

पाणवठ्यावर बाया जमल्या. वैशालीकाकू म्हणाली, "ठेव की गं जिवंत! कुणाच्या बापाचं काय जातंय? आमचे जिवंत असून व्हय म्हनत न्हाईत, तुझा मेलेला म्हनतोय."

"आनि लाँच पण तुझीच," दुसरी म्हणाली. "त्याच्या खालच्याच्या हातानं इंजिन चालू हुतंय न्हवं?"

"व्हय," सारिका म्हणाली.

लाँच तिला येत होती. वर्षानुवर्षं ती सुकाणूपाशी दिगंबरच्या शेजारी बसली होती. वारा कुठून वळतो, बुडालेल्या देवळाचा कळस कुठे तळाला घासतो, तिला सगळं ठाऊक. दिराच्या खाली गेल्यापासून झाडाच्या लेखी त्या इंजिनावर तिचा हात चालत नव्हता. आणि विलासला पाण्यावर पाठवायचं की काय?

साताऱ्याहून ओवी पोळ आली. झाडाची देखभाल करणाऱ्यांपैकी, पंचविशीची मुलगी, केस आखूड, बोलणं सरळ. धक्क्याच्या पायरीवर बसून तिने लॅपटॉप उघडला आणि पहिल्यांदा मनोरा बंद केला.

"आमची चूक आहे," ती म्हणाली. "लाँचचं नाव यादीतून काढायला हवं होतं. आता ऐका. दिगंबरकाका अजून फक्त या खोऱ्याच्या पेट्यांत शिरलेत, कारण मनोरा साताऱ्याशी आठवड्यातून एकदाच बोलतो, आणि तो दिवस आज. मी मनोरा अडवून धरलाय, पण संध्याकाळी मला तो सोडावाच लागेल. मग ते साताऱ्याला पोचतील, तिथून पुढे सगळीकडे. एकदा तिकडे पोचले की माझ्या हातात काही राहत नाही."

"मग पुसून टाका इथंच," विलास म्हणाला.

"जिवंत नोंद नुसती पुसता येत नाही, काका. मृत्यूचा दाखला लागतो, तो तुमच्याकडे आहे. आणि सगळ्यात जवळच्या माणसाने स्वतःच्या तोंडाने सांगावं लागतं. लाँचच्या प्रतीत त्यांच्या खाली सारिकाकाकू आहेत. म्हणजे त्यांनीच." ती सारिकाकडे वळली. "काकू, तुम्ही दोन जागी टांगलेल्या आहात. त्यातली एक ठेवायची, एक काढायची. काकांच्या खाली राहायचं असेल तर काका जिवंत राहतील. खोटं असेल, पण तुम्हाला त्याचा जाब विचारायचा अधिकार मला नाही. नाहीतर या विलासकाकांच्या खाली."

बाया पायऱ्यांवर बसल्या होत्या. सगळ्यांच्या माना सारिकाकडे.

विलास एवढंच म्हणाला, "वहिनी, तुमी म्हनाल तसं. पन सकाळी दादाचा आवाज ऐकला की मला वाटतं काल सपान पडलं हुतं, दादा हायच. मग आठवतं. रोज सकाळी तो नव्यानं मरतो माझ्यासाठी." त्याने तोंड पुसलं. "रोज न्हाई जमायचं मला."

सारिका उठली. "मला एकदा लाँचवर जाऊ द्या. आण्णा, दोर धरायला या."

मी गेलो. ती सुकाणूपाशी बसली, तिच्या जुन्या जागी. शेजारची जागा मोकळी. तिने बटण दाबलं.

"बोला! पाणकोंबडी! किती मानसं?"

"एक," ती म्हणाली.

"कुठं जायचं?"

"घरी."

"हा थांबा यादीत न्हाई. दुसरा सांगा."

"जेवलात का?"

"येतो, येतो. दम धरा."

"मी आहे."

"लाइफजाकीट घाला, मग बोला."

मी दोराकडे बघत राहिलो. त्याने नोंदीला शिकवलं होतं ते उतारूंसाठी. बायकोसाठी कुणी आवाज भरून ठेवतं का? ती तर शेजारीच बसायची. तिच्याशी बोलायला त्याला यंत्र लागत नव्हतं, आणि म्हणून यंत्रात तिच्यासाठी एक अक्षर नव्हतं. तिच्या नावावर फक्त तेवढं एक होतं: काहीही असलं तरी होय.

सारिकाने पाण्यात हात घातला आणि बाहेर काढून बघितला, ओला झाला की नाही ते बघावं तसा.

"आण्णा, ह्यांनी माझ्या सगळ्याला व्हय म्हणून ठेवलंय."

"व्हय."

"म्हंजे मी काय मागणार हे त्यांना म्हाईत नव्हतं. तरी व्हय."

"तरी व्हय."

"मग मी विचारत कुणाला बसलेय?" ती म्हणाली. आवाजात राग नव्हता. काहीच नव्हतं. रेशनला किती लोक आहेत असं विचारावं, तसं. ती उठून धक्क्यावर गेली. मी मागे.

"पोरी," तिने ओवीला विचारलं, "खाली कुणी असलं तर तोडता येत न्हाई न्हवं?"

"नाही. आधी तुम्हाला काकांच्या खालून काढावं लागेल. विलासकाकांच्या खाली एक आहातच—"

"तिथली पण काढ. मला गावाच्या खाली टांग. मधी कुणी नको."

विलासने वर पाहिलं.

"थेट गावाच्या खाली?" ओवी म्हणाली. "चालतं की. तुमचं स्वतःचं घर म्हणून. पहिल्यापासून चालत होतं."

पायऱ्यांवर अशी शांतता झाली की टिटवी आपलीच चूक झाल्यासारखी उडून गेली.

"पहिल्यापासून?" वैशालीकाकू म्हणाली. "मग कुणी सांगितलं कसं न्हाई?"

ओवी लॅपटॉपकडे बघत म्हणाली, "कुणी विचारलं नसेल."

"आनि ह्यांना माझ्या खाली घे," सारिका म्हणाली.

आता विलास उभाच राहिला. "दादाला? बायकोच्या खाली? मेलेल्या मानसाला?"

"कुठून तरी जायचंच हाय त्यांना, भावजी. माझ्या घरातनं जाऊ द्या. मागच्या खेपेला मला घर नव्हतं."

"काका, यंत्राला नवरा-बायको कळत नाही," ओवी म्हणाली. "फांदी आणि पान, एवढंच कळतं." मग ती थांबली, कारण तिला उरलेलं सुचलं. "आणि पान गळलं की त्याचं जे असेल ते फांदीकडे जातं. म्हणजे लाँच."

सगळे विलासकडे बघायला लागले. पोती वाहणारा माणूस, हिशेब त्याला उशिरा कळतो पण पक्का कळतो. त्याने पाणकोंबडीकडे पाहिलं, पाण्याकडे पाहिलं आणि अंग शहारून म्हणाला, "मला काय करायची ती! पन रिसॉर्टवाल्याला तुमीच सांगा. मी त्याच्याशी बोलायला पलीकडं जानार न्हाई. मधी पानी हाय."

ओवीने बोटं चालवली. सारिका गावाच्या खाली गेली. दिगंबर सारिकाच्या खाली आला. बारीकसा आवाज सुद्धा झाला नाही. मग ओवी म्हणाली, "आता जीवखडा. लाँचमध्ये बसून सांगा. ज्या प्रतीने जिवंत सांगितलं तिलाच आधी कळायला हवं."

पाणकोंबडीच्या यंत्राने विचारलं, साध्या सरकारी आवाजात, "मृत व्यक्तीचं पूर्ण नाव सांगा."

"आमचे हे," सारिका म्हणाली.

"नाव समजलं नाही. पूर्ण नाव सांगा."

पायरीवरून वैशालीकाकू ओरडली, "उखाण्यात घे गं!" एकदोघी हसल्या. मग त्याच गप्प झाल्या. दिगंबर गेला ही गोष्ट गावातल्या प्रत्येकाने सारिकाला सांगितली होती, मी सुद्धा. ती मान हलवायची. तिच्या तोंडून ती आजवर कुणी ऐकली नव्हती.

तिने सुकाणूवरची धूळ पदराने पुसली. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत.

"दिगंबर सखाराम धनावडे," ती म्हणाली. मग लाँचच्या टपावर तिने हात ठेवला, दिगंबर थाप मारायचा तिथेच. "वारले. ते यायचे न्हाईत."

"नोंद झाली," यंत्र म्हणालं. आणि जरा वेळाने त्याच सरकारी आवाजात, "बोला. पाणकोंबडी. किती माणसं?"

सारिकाने बटण दाबलं. इंजिनाने तिचा हात ओळखला.

सहा धक्के राहिले होते. मनोरा उघडला आणि त्या सहा पेट्यांनी आपला जिवंत दिगंबर परत एकमेकींना वाटला तर? ओवी म्हणाली, जुनीच पद्धत बरी, लाँचने प्रत्येक धक्क्याला जाऊन सांगावं. तेव्हा आम्ही निघालो. सारिका सुकाणूवर, मी दोराला. प्रत्येक धक्क्याला पाणकोंबडी लागायची, पेटीशी तिची कुजबुज व्हायची, पेटीचा दिवा लालचा हिरवा व्हायचा. आम्ही दोर सोडायचो. धक्क्यावरचे लोक विचारायचे, काय गं, लाँच चालू झाली काय? ती म्हणायची, "झाली. उद्यापासून." तिसऱ्या धक्क्यावर दोन बायका वाट बघत उभ्या होत्या. बातमी आमच्या पुढे गेली होती, मनोरा बंद असून. त्यांनी विचारलं ते लाँचबद्दल नव्हतं. थेट गावाच्या खाली टांगून घ्यायला कुणाकडे जायचं, हे विचारत होत्या.

"उद्या या," सारिका म्हणाली. "नेते."

शेवटच्या धक्क्याचा दिवा हिरवा झाला तेव्हा ऊन डोंगराच्या डोक्यावर गेलं होतं. खाली खोऱ्यात सावली पडली होती. परतीला ती काही बोलेना. तिचा चेहरा सकाळी होता तसाच होता, कोरा. मला गप्प बसवत नाही, आणि दुसरं काही येतही नाही. मी मासा काढला. गळ, होडी, हिसका, मावसबहीण, चहाचा कप, सगळं. शेवटी म्हणालो, "तर सांगायचं काय, तीन गावं मागे नेलं मला पठ्ठ्यानं."

इंजिनाचा आवाज होता, पाण्याचा होता. मला वाटलं, आता हं येणार.

सारिकाने सुकाणू गुडघ्याने धरलं.

"आण्णा," ती म्हणाली, पाण्याकडे बघत, "तीन न्हवं. चार."